वाक्य बरोबर होईपर्यंत

“तुम्ही काय बोलता याच्याशी मला काही घेणंदेणं नाही, कसं बोलता, तेवढं मला ऐकू द्या.”

कर्मबाई एकदा भर वर्गात असं म्हणाल्या, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. निमित्त साधंच होतं. पार्लरवालीने ड्रायव्हरकडे बोट दाखवून ‘आय लव्ह ही’ असं वाक्य केलं. ड्रायव्हर कानापर्यंत लाल झाला, पेन्शनर काकांनी उगाच खाकरून घेतलं, आणि आता बाई काय म्हणतात म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“ही नाही, हिम. पुन्हा म्हण. मोठ्याने.”

पार्लरवालीला ते पुन्हा, मोठ्याने, स्पष्ट म्हणावं लागलं. “अहो बाई, मी थट्टा करत होते,” ती कुरकुरली, आणि त्यावर बाईंनी ते वाक्य टाकलं.

कर्मबाई हे नाव वर्गाने पाठीमागे ठेवलेलं होतं आणि ते बाईंना ठाऊक होतं. इंग्रजी शिकवणारे पुष्कळ असतात. कुणी काळ शिकवतं, कुणी उच्चार, कुणी नुसताच धीर देतं. बाईंनी सगळं आयुष्य कर्मावर घालवलं होतं. वाक्यात ज्याच्यावर क्रिया होते, ते कर्म. मारणारा नव्हे, मार खाणारा. बोलावणारा नव्हे, ज्याला बोलावलं तो. आपल्यातला माणूस इंग्रजीत शिरला की पहिली ठेच इथेच लागते, असं त्यांचं म्हणणं. आपला ‘मी’ तिकडे गेला की ‘आय’ होतो, आणि तिकडचा ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. ‘ही’ म्हणजे तो, ‘हिम’ म्हणजे त्याला. ‘वुई’ म्हणजे आपण, ‘अस’ म्हणजे आपल्याला.

“तिकडे सगळा उलटा कारभार,” काका म्हणायचे. “तो म्हणायचं तर ही म्हणा, मला म्हणायचं तर मी म्हणा. आणि एखाद्या बाईला तोंडावर शी म्हटलं तरी तिला राग येत नाही.”

“काका, तुम्ही नातवंडांशी बोलायला शिकताय की भांडायला?” ड्रायव्हर विचारायचा.

“दोन्ही त्यांच्याच भाषेत करावं लागणार, बाबा.”

बाई आणि त्यांची थोरली बहीण त्या इमारतीत आठव्या मजल्यावर राहायच्या. खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं, अशी ती जुनी, उंच, हाडं दिसू लागलेली इमारत. पुढच्या खोलीत वर्ग भरायचा. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात शिलाई मशीन, मशीनवर ताईंच्या औषधांच्या पट्ट्या, आणि भिंतीवर फळा. त्या भिंतीपलीकडे लिफ्टची पोकळी होती. लिफ्ट जवळून गेली की फळा हलकेच थरथरायचा आणि खडूची भुकटी खालच्या पट्टीवर गळायची. लिहिता लिहिता बाईंचा हात तेवढ्यापुरता आपसूक थांबायचा. लिफ्ट गेली की पुढचं अक्षर. बरोबर झोपणाऱ्याचं घोरणं अंगवळणी पडतं तसं ते पडलेलं होतं. अलीकडे त्या थरथरीत मध्येच एक ठोका येऊ लागला होता. भिंतीच्या आतून कुणी बोटाचं पेर आपटावं तसा. बाईंचा हात त्या ठोक्यालाही थांबायला शिकला.

ताईंचे गुडघे कधीच गेले होते. जिना त्यांच्यापुरता संपला होता. त्या इमारतीतून बाहेर पडायला त्यांच्याजवळ लिफ्टखेरीज वाट नव्हती. रोज दुपारी वर्ग रंगात आला की त्या आतल्या खोलीतून काठी टेकत यायच्या, खुर्च्यांच्या मधून वाट काढायच्या आणि खाली फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसायच्या. तिथे चार बायकांत बसून जगाची उणीदुणी काढायची आणि वर यायचं.

“हा एवढा एक तास नसता ना,” त्या बहिणीला म्हणायच्या, “तर मी तुला कधीच गिळली असती.”

आईवडील लवकर गेले होते. ताईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून तरुणपण काढलं, धाकटीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि ते मोडल्यावर तिला परत आणलं. ते लग्न कसं मोडलं, ही गोष्ट ताई वर्गातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या, बाईंच्या देखत.

“हिचा नवरा मोठा साहेब. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की इंग्रजीत बोलायचा. एक दिवस बॅग भरून समोर उभा राहिला आणि म्हणाला, देअर इज नथिंग बिट्वीन यू अँड आय. आपल्या दोघांत आता काही उरलं नाही म्हणाला. आता कुठलीही बाई काय करेल? रडेल, ओरडेल, निदान कुणासाठी चाललास म्हणून विचारेल. हिने काय केलं? हिने त्याला सांगितलं, बिट्वीन यू अँड मी. आय नाही, मी.”

“मग?” नवा माणूस विचारायचा.

“मग काय? तो म्हणाला, बघ, हे असं आहे. आणि गेला.”

सगळे हसायचे. बाईही थोडंसं हसायच्या. “पण चुकलाच होता तो,” त्या म्हणायच्या.

खरं सांगायचं तर त्यांना ती दुपार नीट आठवतही नव्हती. बॅगेचा रंग, नवऱ्याचा चेहरा, बाहेर ऊन होतं की ढग, काहीच नाही. आठवत होतं ते वाक्य, आणि त्यात काट्यासारखा उभा राहिलेला तो एक शब्द. चुकीचा शब्द कानावर आला की बाकीचं जग मागे सरकायचं, धूसर व्हायचं, आणि तो शब्द तेवढा उजेडात उभा राहायचा. शाळेत शिकवत होत्या तेव्हाही तसंच. मुलं रडत येऊन काही सांगायची आणि बाई ते वाक्य दुरुस्त करून द्यायच्या. मुलं डोळे पुसून बरोबर वाक्य म्हणायची आणि जायची. बाईंना वाटायचं, काम झालं.

शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी घरी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. त्यात त्यांची एक रीत होती. मधोमध एक स्टूल ठेवायचं. त्याला वर्ग कर्माची खुर्ची म्हणायचा. रोज एकाने त्यावर बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याचं आपण काय करतो ते इंग्रजीत सांगायचं. वर्गात असेपर्यंत दुसरी भाषा नाही, पुस्तकातलं वाक्य नाही, ज्याने त्याने आपल्या मनचं करायचं. आता ज्याच्यावर काही करता येईल अशी क्रियापदं लोकांना पटकन कुठली सुचणार? मारणं, ढकलणं, जाळणं, खाणं, आणि कधीमधी प्रेम करणं. त्यामुळे त्या खोलीत दर दुपारी भयंकर कत्तल चालायची. पार्लरवाली काकांना विष द्यायची. काका ड्रायव्हरला पुरायचे. ड्रायव्हर सगळ्यांना गाडीखाली घ्यायचा. एकदा सिंहाने ‘शी’ला खाल्लं आणि बाईंनी ती ‘हर’ होईपर्यंत तिला चार वेळा खायला लावलं. ताई आतून ओरडायच्या, “तुझे मारेकरी आले का गं? चहा टाकू?”

अशा खोलीत कुणी खरं काही बोललं तर ते ऐकू येणं अवघडच होतं.

लिफ्टवाला वर्गात आला तो सगळ्यांच्या शेवटी. वर्गाने त्याचं नाव वरखाली ठेवलं, आणि त्याने ते निमूट घेतलं. उंच, वाकलेला, खांद्यावर कायम कोळिष्टकाचा धागा लागलेला माणूस. दिवसभर लिफ्टमध्ये स्टुलावर बसायचा, दुपारी सुटीच्या तासात झोपायचा. ती झोप सोडून तो बाईंच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“बाई, या वयात मला जमेल का हो?”

“कशासाठी हवंय?”

“फोनवर बोलायचंय. कंपनीशी. तिकडे इंग्रजीशिवाय चालत नाही. एकदा केला होता मी. तिकडची पोरगी सॉरी सॉरी म्हणत राहिली. मग हसली. मग ठेवून दिला.”

“हसली?” बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“म्हणजे माझंच चुकलं असणार. तोंडातून काहीतरी भलतंच गेलं असेल.”

कुठल्या कंपनीशी, काय बोलायचंय, हे बाईंनी विचारलं नाही. नोकरीबिकरी बघत असेल, असं त्यांनी धरलं. ती हसणारी पोरगी मात्र त्यांच्या मनात बसली. “तुमच्या वाक्यात एक चूक राहू देणार नाही मी,” त्या म्हणाल्या. “बरोबर झालं की मीच सांगेन. मग करा फोन.”

“तुम्ही म्हणाल तेव्हाच करतो,” तो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला, दोन्ही हात मांडीला घासले आणि म्हणाला, “मॅनेजर शाउट आय.”

“शाउट्स अ‍ॅट मी.”

“शाउट्स अ‍ॅट मी.”

“तो कुणावर ओरडत नाही?” पार्लरवाली म्हणाली, आणि दुसऱ्या भाषेत बोलली म्हणून बाईंनी तिला उभं केलं.

पुढे त्याची वाक्यं अशीच येत राहिली, एकेक, हळूहळू, अंधारात पायरी चाचपावी तशी. इतरांसारखा तो कुणाचा खून करायचा नाही. ‘आय शो ही वायर,’ तो म्हणायचा, आणि बाई फळ्यावर लिहून द्यायच्या की मी त्याला तार दाखवली असं म्हणायचं तर ‘हिम’ लागेल, आणि एकाच वाक्यात दोन कर्मं कशी सुखाने नांदतात ते खुशीत येऊन समजावून सांगायच्या. ‘ही टेल आय, शट माउथ,’ तो म्हणायचा. त्यात चुका तीन होत्या. बाईंनी तिन्ही काढल्या. एक दिवस तो म्हणाला, “लिफ्ट विल ड्रॉप वुई.”

पार्लरवालीने छातीवर हात ठेवून खोटी किंचाळी फोडली. काका म्हणाले, “माझ्या वयाला लिफ्ट एकदम वरच गेली पाहिजे, बाबा, खाली कशाला नेतोस?”

“इंग्लिश, काका,” बाई म्हणाल्या. “आणि वुई नाही. अस. ड्रॉप अस.”

“ड्रॉप अस,” लिफ्टवाला म्हणाला. तो हसला नाही. त्याने बाईंकडे बघितलं, बराच वेळ, आणि मान हलवली. जणू दोघांमधलं काही ठरलेलं होतं आणि त्यातला एक भाग आज पुरा झाला.

त्याच सुमारास एका सकाळी बाई ताईंची औषधं आणायला खाली निघाल्या. लिफ्टमध्ये दोघंच. जाळीचा दरवाजा त्याने ओढला, लिफ्ट खाली सरकली, आणि पाचव्या मजल्याच्या आसपास तो ठोका आला. इथे आत तो भिंतीतून यायचा तसा नव्हता. तो डोक्यावरून आला आणि तळपायांतून गेला. दिवा एकदा मालवून पुन्हा लागला. तळाशी लिफ्ट थांबली ती जमिनीच्या वीतभर खाली. बाईंनी साडी सावरून पाय वर घेतला.

“बाई,” तो हळूच म्हणाला. जाळी त्याने उघडून धरली होती, पण त्याला काही सांगायचं होतं. स्टुलाखालून त्याने पत्र्याचा एक डबा काढला, झाकण उघडलं. आत तारांचे तुकडे होते. बारीक, वळलेले, न्हाव्याच्या दुकानात खाली पडलेल्या केसांसारखे. काही गंजलेले, काही तुटल्या जागी अजून चकाकणारे. त्याने ओठ चाटले आणि शिकवलेलं वापरायचं म्हणून इंग्रजी जुळवलं. “दे फॉल... ऑन आय. एव्हरी मॉर्निंग.”

डबा बाईंच्या समोर होता. त्यांची नजर त्यावर होती. नंतर कुणी विचारलं असतं तर तुकडे जाड होते की बारीक हे त्यांना सांगता आलं नसतं.

“दे बरोबर,” त्या म्हणाल्या. “कारण इथे पडणारे ते आहेत. पण ऑनच्या पुढे मी. फॉल ऑन मी. अजून जरा कच्चं आहे हं तुमचं.”

“फॉल ऑन मी,” तो म्हणाला. त्याने झाकण लावलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. बाईंना तो दिसला, आणि चूक कळल्याचा आनंद म्हणून त्यांनी तो मनात ठेवून घेतला.

इमारतीचा मॅनेजर वर्गात एकदाच आला. चौकटीत उभा राहून त्याने किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवला, खोलीभर नजर टाकली आणि लिफ्टवाल्यावर आणून ठेवली.

“बाई, एक-दोन दिवस फळा जरा सांभाळा. वरच्या मजल्यावर फरश्या चढवायच्यात. भिंत जरा जास्त हलेल.”

“हलू द्या. सवय आहे.”

“आणि हा काय शिकतो हो तुमच्याकडे?”

“सर्वनामं.”

“शिकू द्या, शिकू द्या.” मॅनेजर गोड हसला. “फार बोलायला शिकवू नका म्हणजे झालं. ही जात एकदा बोलायला लागली की आवरत नाही. काय रे?”

“होय साहेब,” लिफ्टवाला उभा राहून म्हणाला. मॅनेजर गेला तरी तो बराच वेळ तसाच उभा होता. “बसा,” बाई म्हणाल्या तेव्हा बसला.

फरश्या चढू लागल्या. सकाळपासून लिफ्ट दबक्या आवाजात कण्हत वर जायची आणि रिकामी, खुळखुळत खाली यायची. फळ्यावर लिहिलेलं अक्षर थरथरीने वाकडं व्हायचं. ठोका आता एक राहिला नव्हता. दोन यायचे, मग काही नाही, मग तीन. खडूची भुकटी पट्टीवर मावेना. ती जमिनीवर सांडू लागली, आणि ताई जाता येता तिच्यावर काठीचे ठसे उमटवू लागल्या.

“तुझी भिंत खोकते गं,” ताई म्हणाल्या.

“फरश्या चालल्यात.”

“फरश्यांनी भिंत खोकत नाही. काल मी येताना ते धूड मध्येच थांबलं. दोन मजल्यांच्या मध्ये. जाळीतून नुसती वीट दिसत होती. मी म्हटलं, झालं, इथेच चिणली मला.”

“मग?”

“मग वरखालीने वर तोंड करून काय काय शिव्या घातल्या, तेव्हा हललं. तुझ्याकडे शिकून आलाय तरी शिव्या आपल्याच देतो.”

बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि त्यांच्या डोक्यात परीक्षा होती.

परीक्षेचा नियम वेगळा. प्रत्येकाने उभं राहून आपल्याला हवं ते सलग बोलायचं आणि बाईंनी मध्ये एक शब्द बोलायचा नाही. शेवटी चुका सांगायच्या. हे बाईंना सगळ्यात जड जायचं. त्या खडू मुठीत धरून बसायच्या आणि एकेक चूक आली की मूठ आवळायची; परीक्षा संपेपर्यंत खडूचा भुगा झालेला असायचा.

काका बोलले. नातवंडांवर, पाच चुका. पार्लरवाली बोलली. तिने दोन गिऱ्हाइकांना उकळत्या मेणात बुडवलं, तीन चुका. ड्रायव्हरने बाईंचीच स्तुती केली आणि ‘शी’ आणि ‘हर’ यांची अशी गल्लत केली की स्तुती कुणाची ते कळेना. तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला आणि ताई बाहेर आल्या. नवीन शाल, केस नीट विंचरलेले.

“चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या. “आज कोण कुणाला मारतंय?”

“आज परीक्षा आहे, ताई.”

“मग आज तुम्हीच मेलात.” त्या लिफ्टवाल्याजवळ थांबल्या. “वरखाली, तू इथे, मग ते धूड परवासारखं अडलं तर कोण हलवणार?”

“आपलं आपण चालतंय ताई. बटण दाबा, येईल. जाळी नीट लावा तेवढी.”

“आपलं आपण चालतंय म्हणे,” ताई पुटपुटल्या आणि बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं. बाहेरच्या बोळात त्यांनी बटण दाबल्याचा खटका ऐकू आला, आणि खाली, खूप खाली, काहीतरी जागं होऊन कण्हलं.

“हं. तुम्ही,” बाई लिफ्टवाल्याला म्हणाल्या.

तो उभा राहिला. आज त्याने सदरा बदललेला होता. हात मांडीला घासले नाहीत. डोळे मिटले, फोन कानाशी धरल्यासारखी मूठ गालाला लावली, आणि सुरुवात केली.

“आय अ‍ॅम द लिफ्टमन. द रोप इज ब्रेकिंग. एव्हरी मॉर्निंग आय फाइंड द पीसेस अँड आय कीप देम इन अ बॉक्स.”

बाईंनी मूठ आवळायची तयारी ठेवली होती. ‘देम’ आलं. बरोबर आलं. मूठ सैल झाली.

“आय शोड हिम द पीसेस. आय शोड द मॅनेजर. ही टोल्ड मी टु शट माय माउथ.”

‘हिम.’ ‘मी.’ बरोबर. काकांनी पार्लरवालीकडे बघून भुवया उंचावल्या. ड्रायव्हर सरसावून बसला. फळा थरथरू लागला; लिफ्ट वर येत होती.

“पीपल ट्रस्ट मी अँड आय टेक देम अप. वन डे इट विल ड्रॉप अस. प्लीज डोन्ट लाफ अ‍ॅट मी. प्लीज हेल्प अस.”

त्याने डोळे उघडले. एकही चूक नव्हती. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. पार्लरवालीने तर शिट्टी मारली. बाईंनी मुठीकडे बघितलं. खडू अख्खा होता. त्यांचा कान सवयीने वाक्यांवरून पुन्हा मागे गेला, कुठे काही टोचतंय का ते बघत. काही टोचलं नाही. आणि जिथे नेहमी चूक उभी असायची त्या रिकाम्या जागेतून, कुणी पडदा बाजूला करावा तसं, मागचं सगळं पुढे आलं. दोर तुटतोय. रोज सकाळी तुकडे सापडतात. त्याला दाखवले, त्याने तोंड बंद ठेवायला सांगितलं. एक दिवस ती आपल्याला खाली टाकेल. हसू नका. मदत करा.

“बाई,” टाळ्या थांबल्यावर लिफ्टवाला आपल्या भाषेत म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “आता करू ना फोन?”

“कुणाला?” बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“लिफ्टच्या कंपनीला. तुम्ही म्हणाला होतात ना, बरोबर झालं की सांगते म्हणून. तेवढ्यासाठीच थांबलो होतो. पहाटे वर जाऊन बघितलं तर आज ओंजळभर निघाले.”

“हे... खरं आहे?”

तो गोंधळला. त्याने काकांकडे बघितलं, मग पुन्हा बाईंकडे. “डबा दाखवला होता की तुम्हाला. तुम्ही म्हणालात, अजून कच्चं आहे. मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही तयारी करून घेताय माझी. आणि ताईंनाही तुम्ही रोज पाठवता. तेव्हा मी म्हटलं, बाईंना घाई दिसत नाही, म्हणजे अजून वेळ असेल.”

ड्रायव्हरचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. भिंतीच्या आत ठोका झाला. मग दुसरा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातून भुकटीची एक बारीक धार सुटली आणि सरळ खाली येत राहिली. बोळात लिफ्ट येऊन थांबल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ जाळी ओढल्याचा, लांब, करकरत. ताई कुणाशी तरी बोलत होत्या, की स्वतःशीच. “उजेड तरी लावा रे आत,” असं काहीसं. काठीचं टोक लिफ्टच्या पत्र्यावर टेकलं.

बाई उठल्या. खुर्ची मागे पडली ती त्यांना कळली नाही. काकांनी पाय आखडून घेतले, लिफ्टवाला वाटेतून बाजूला झाला आणि काही विचारायला म्हणून त्याने हात पुढे केला, तो हात त्यांनी ओलांडला. त्यांचं तोंड उघडं होतं. आणि बाई उघड्या दारातून बोळात, ताईंच्या जाळीकडे धावल्या.